जामीन झाला, सुटका राहिली: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात एका उत्तरात मी सहज लिहून गेले होते की आपल्याकडे जामीन हा नियम आणि जेल हा अपवाद, सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी 1977 मध्येच हे सांगून ठेवलंय. त्यावर एका वाचकाने एका ओळीचा मेल पाठवला, "मग जेल भरलेत कशाने?" आणि त्यामागोमाग बाकीच्यांचेही आले, काही रागाचे, काही अगदी अडचणीत सापडलेल्या माणसांचे. म्हणून या वेळचं अख्खं सदर त्यालाच दिलंय. सगळी नावं काढली आहेत आणि पत्रं थोडी आखूड केली आहेत.

प्रश्न: मॅडम नमस्कार. माझा भाऊ बांधकामाच्या साइटवर बिगारी होता, तिथली कॉपर वायर चोरली म्हणून साडेचार महिने आत आहे. आधी कधी कुठली केस नाही. जामीन होऊन दोन महिने झाले पण कोर्टाने 25 हजाराचा स्थानिक जामीनदार सांगितलाय, ऐपतीच्या दाखल्यासकट. आमचं गाव दुसऱ्या जिल्ह्यात. चुलत्याच्या नावावर सव्वा एकर आहे, ते यायला तयार आहेत पण म्हणे बाहेरचा चालत नाही. कोर्टाच्या आवारात एकजण सात हजारात जामीनदार देतो म्हणतोय. देऊ का? - एक बहीण

उत्तर: ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नका देऊ. हे भाडोत्री जामीनदार म्हणजे एकच सातबारा, एकच रेशनकार्ड दहा-दहा केसमध्ये फिरवणारी माणसं असतात, कधी कागद खरा आणि माणूस खोटा, कधी दोन्ही खोटं. पकडलं गेलं की जामीन रद्द होतो, भाऊ परत आत जातो आणि वर फसवणुकीची नवीन केस बसते ती वेगळीच. तो सात हजार घेणारा तोवर पुढच्या गिऱ्हाईकाकडे गेलेला असतो.

आता मुद्द्याचं. तुमच्या भावाला कोर्टाने सोडलंय. हे नीट लक्षात घ्या, कारण तुमच्या पत्रात असा सूर आहे की आपण काहीतरी मेहेरबानी मागतोय. न्यायाधीशांनी केस बघून ठरवलं की याला आत ठेवायची गरज नाही, आणि तरीही तो आत आहे, कारण घरात जमीन नाही आणि जमीन असलेला चुलता चुकीच्या जिल्ह्यात राहतो. हे आजचं नाहीये. 1978 मध्ये सुप्रीम कोर्टासमोर मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या एका गवंड्याची केस आली होती, त्याला जामीन मिळाला, खालच्या कोर्टाने 10 हजाराचा जामीनदार मागितला (तेव्हाचे 10 हजार, विचार करा), सख्खा भाऊ उभा राहिला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून नाकारला. कृष्ण अय्यर यांनी तो हुकूम फिरवला आणि त्याला हजार रुपयाच्या स्वतःच्या बाँडवर सोडायला सांगितलं. म्हणजे तुमचा प्रश्न जवळजवळ जसाच्या तसा सुटून पंचेचाळीसहून जास्त वर्षं झालीत, फक्त तो निकाल अजून तुमच्या कोर्टाच्या खिडकीपर्यंत पोचलेला नाही असं म्हणायचं.

जुनं नको असेल तर नवीन घ्या. 31 जानेवारी 2023 ला सुप्रीम कोर्टाने नेमक्या याच विषयावर सूचना दिल्यात आणि तुमच्या वकिलांनी त्या छापून अर्जाला जोडाव्यात. जामिनाचा आदेश त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ईमेलने जेलला गेला पाहिजे. सात दिवसांत माणूस सुटला नाही तर जेल अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवलं पाहिजे, सचिवांनी त्याच्या घरच्या परिस्थितीचा रिपोर्ट करून कोर्टापुढे ठेवायचा, म्हणजे अटी सैल करता येतील. महिन्याभरात जामीनदार मिळाला नाही तर कोर्ट आपणहून अट बदलायची का ते बघू शकतं. आणि स्थानिक जामीनदाराच्या हट्टामुळे सुटका अडते, म्हणून कोर्ट ती अट घालणं टाळू शकतं, हे त्यात स्पष्ट लिहिलंय. तुमचे तर दोन महिने झालेत.

तर करायचं असं. एक साधा अर्ज, जामिनाच्या अटीत बदल करून जातमुचलक्यावर (म्हणजे स्वतःच्याच बाँडवर) सोडा म्हणून. ते नाहीच ऐकलं तर निदान रक्कम कमी करा आणि चुलत्यांना जामीनदार म्हणून स्वीकारा, किंवा जामीनदार हजर करायला मुदत देऊन तात्पुरतं सोडा. बाँडची रक्कम अवाजवी नसावी हे नवीन नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 484 मध्ये आहे, खालच्या कोर्टाने नाही ऐकलं तर सेशन्सला जाऊन कमी करून घेता येते. वकील टाळाटाळ करत असेल किंवा प्रत्येक तारखेला पैसे मागत असेल तर सरळ जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या ऑफिसात जा, कोठडीत असलेल्या माणसाला मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही, हे खूप जणांना माहीतच नसतं. जाणं जमत नसेल तर 15100 ला फोन करा.

पैशाचीही एक वाट आहे. केंद्राची 2023 ची गरीब कैद्यांसाठीची योजना आहे, त्यात कच्च्या (म्हणजे खटला अजून संपलेला नसलेल्या) कैद्याच्या जामिनासाठी ठरावीक मर्यादेपर्यंत रक्कम जिल्ह्याची समिती मंजूर करू शकते आणि ती कोर्टात भरली जाते, तुमच्या हातात येत नाही. ड्रग्ज, यूएपीए (दहशतवादविरोधी कायदा), मनी लाँडरिंग असल्या केसना ती नाही, तुमच्या भावाच्या केसला आहे. पण कोणीतरी मागे लागल्याशिवाय ही फाइल हलत नाही हा माझा अनुभव, त्यामुळे अर्जाची पोच घ्या, तारीख टाकून घ्या, दर आठवड्याला विचारा, लाजू नका.

आणि अगदीच काही झालं नाही तर त्याच नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 479 आहे. पहिल्यांदाच अडकलेला माणूस त्या गुन्ह्याच्या जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत राहिला की त्याला बाँडवर सोडायचं, आणि त्यासाठी कोर्टात अर्ज करायची जबाबदारी जेल अधीक्षकांची. साध्या चोरीला जास्तीत जास्त तीन वर्षं, म्हणजे तुमच्या भावाच्या बाबतीत एक वर्ष. पण वर्षभर थांबायचंय कशाला, जामीन तर झालेलाच आहे. आणि या कलमात एक मेख आहे, एकापेक्षा जास्त केस चालू असतील तर याचा फायदा मिळत नाही. आता गरीब वस्तीतल्या पोरावर एकदा चोरीचा शिक्का बसला की आजूबाजूच्या न उलगडलेल्या दोन-तीन चोऱ्या त्याच्याच नावावर चढतात हे कोर्टात रोज दिसतं, त्यामुळे ज्याला या कलमाची सगळ्यात जास्त गरज तोच नेमका त्यातून वगळला जातो. भावाला मुलाकातीत एवढं विचारा की दुसऱ्या कुठल्या केसमध्ये सही वगैरे घेतलीय का. हे आधी कळलेलं बरं.

अजून एक. जामिनाची कागदपत्रं झाली की "संध्याकाळी सुटेल" असं धरून घरच्यांना गेटवर उभं करू नका. मुंबईत आर्थर रोड जेलबाहेर जामिनाच्या ऑर्डरसाठी एक पेटी असते, ती ठरलेल्या वेळी उघडते, कागद त्याआधी पडला नाही तर माणूस ती रात्र आतच. 2021 मध्ये एका बड्या घरातल्या मुलाची सुटका याच कारणाने एक रात्र लांबली तेव्हा अख्ख्या देशाने टीव्हीवर ती पेटी बघितली. त्या आधी कित्येक वर्षं किती जणांच्या रात्री त्या पेटीने खाल्ल्या असतील त्याची बातमी कधी झाली नव्हती. त्यानंतर वरच्या कोर्टाचे आदेश इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पाठवायची सोय 2022 मध्ये झाली, पण ती त्या मुलामुळे नव्हे, सुप्रीम कोर्टाने तिची तयारी त्याच्या आधीच सुरू केली होती.

प्रश्न: तुमचं सदर मी नेहमी वाचतो पण आता राग येतो. माझ्या वडिलांना एका कारने उडवलं, ते जागेवर गेले. चालवणारा मुलगा तिसऱ्या दिवशी जामिनावर बाहेर. आम्ही रडतोय आणि तो फिरतोय. तुम्ही लोक कायम आरोपीच्या दयेबद्दल बोलता, आमच्यावर दया कोण करणार? - एक मुलगा

उत्तर: तुमचा राग मी समजावून घालवायला बसलेली नाही. वडील गेले, आणि ज्याच्यामुळे गेले तो रस्त्यात दिसतो, यावर "कायद्याचं तत्त्व असं आहे" म्हणून कोणी लेक्चर दिलं तर मलाही राग येईल.

पण तुम्ही आणि वरची ती बहीण, तुम्हा दोघांची तक्रार मला एकच वाटते. तो मुलगा तिसऱ्या दिवशी बाहेर आला आणि तिचा भाऊ जामीन होऊनही आत, यात दया कुठेच नाहीये. त्या मुलाकडे पहिल्या तासात वकील होता, मेडिकल होताना कोणीतरी शेजारी उभं होतं, घराचा कायमचा पत्ता होता, जामीनदार तर घरातच दोन-चार. कायदा दोघांना सारखाच लागू, दोघांनाही जामिनाचा हक्क आहे आणि असावा, पण एकाच्या दारात तो गाडीतून येतो आणि दुसऱ्याला त्याच्या मागे पळावं लागतं. तुमच्या केसमधला उपाय त्या बिगाऱ्याला आणखी आत ठेवणं हा असूच शकत नाही, हे तुम्हीही मान्य कराल. कडक कायद्याची मागणी झाली की तो कडकपणा शेवटी कोणावर चालतो ते बघा. निष्काळजीपणाने मृत्यूची शिक्षा जुन्या कायद्यात दोन वर्षांपर्यंत होती, नवीन न्याय संहितेत पाच वर्षांपर्यंत झाली. ठीक आहे. पण पाच वर्षं कोणाला होतात आणि कोण दंडावर सुटतो हे पुराव्यावर ठरतं, आणि पुरावा कोण गोळा करतंय, साक्षीदार फुटू नयेत म्हणून कोण धावपळ करतंय, यावर.

म्हणून तुम्ही करण्यासारख्या गोष्टी सांगते, कारण पीडिताच्या बाजूलाही कायद्यात बरंच काही आहे आणि ते कोणी सांगत नाही. तपास कुठवर आलाय हे पोलिसांनी तुम्हाला 90 दिवसांच्या आत कळवलंच पाहिजे, तुम्ही लेखी विचारा. सरकारी वकिलांच्या मदतीला तुमचा स्वतःचा वकील देता येतो, कोर्टाच्या परवानगीने. जामिनाच्या सुनावणीतही तुमचं म्हणणं ऐकून घ्यायला हवं, लखीमपूर खेरीच्या (शेतकऱ्यांवर गाडी घातल्याच्या) प्रकरणात सुप्रीम कोर्टाने एप्रिल 2022 मध्ये हे सांगून अलाहाबाद हायकोर्टाने दिलेला जामीन रद्द केला होता. तो मुलगा साक्षीदारांना भेटत असेल, धमकावत असेल तर जामीन रद्द करण्याचा अर्ज टाका, नुसता "तो फिरतोय" एवढ्यावर होणार नाही. उद्या तो निर्दोष सुटला तर अपील करायचा हक्क 2009 पासून पीडितालाही आहे, सरकारच्या मागे लागावं लागत नाही. आणि मोटार अपघात न्यायाधिकरणातला भरपाईचा दावा हा पूर्णपणे वेगळा रस्ता, फौजदारी केसची वाट बघत तो लांबवू नका, बरीच कुटुंबं "पैसे घेतले तर केस ढिली पडेल" या भीतीने थांबतात, तसं काही नसतं.

कच्चा कैदी म्हणून आत राहणं ही शिक्षा नव्हे आणि बाहेर असणं म्हणजे सुटणंही नव्हे. तुम्हाला हवी आहे ती शिक्षा, निकालानंतरची. तिच्यासाठी चार्जशीट भक्कम लागेल. तुमचा सगळा राग तिकडे लावा असं मी म्हणेन.

आणि दयेचं विचारलंत म्हणून. तुम्हाला पोलिस स्टेशनात किती वेळ बाकावर बसवलं, पोस्टमॉर्टेमचा रिपोर्ट मागताना कोणी कसं बोललं, तारखेला गेलात तर कोणी सांगितलं का की आज कोर्ट बसणार नाही, हे तुम्ही पत्राच्या दुसऱ्या पानावर लिहिलंय, मी ते छापलं नाही पण वाचलं. ज्या यंत्रणेला आरोपी दिसत नाही तिला तुम्हीही दिसत नाही. ती एकाशी कठोर आणि दुसऱ्याशी मायेने वागते असं निदान मी तरी पाहिलेलं नाही.

प्रश्न: मी लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्याकडे वर्गात वाद झाला. कायद्याच्या पुस्तकात जात, पैसा असं काहीच नाही, शिक्षा सगळ्यांना सारखी, मग जेलमध्ये विषमता आहे हे म्हणणं राजकीय नाही का?

उत्तर: पुस्तकात खरंच नाही? जेलच्या पुस्तकात होतं रे. 3 ऑक्टोबर 2024 पर्यंत. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर त्या दिवशी सुप्रीम कोर्टाने कित्येक राज्यांच्या जेल मॅन्युअलमधले नियम घटनाबाह्य ठरवले, त्यात स्वयंपाक अमुक जातीच्या कैद्याने आणि झाडलोट तमुक जातीच्या कैद्याने असं छापील लिहिलेलं होतं. स्वतंत्र भारतात, 75 हून जास्त वर्षांनी. वर्गात हा निकाल काढा आणि वाचा, लांब आहे पण वाचवतो.

त्याच निकालात भटक्या-विमुक्तांचा मुद्दा आहे आणि तो महाराष्ट्रातल्या मुलांना तरी नवीन असू नये. इंग्रजांनी 1871 मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला, पुढे तो देशभर पसरवला, म्हणजे जन्माला आलं की गुन्हेगार, पोलिसपाटलाकडे हजेरी. सोलापूरची सेटलमेंट ही तारेच्या कुंपणातली वस्ती होती, लोकांना आत ठेवायची. 31 ऑगस्ट 1952 ला तो कायदा गेला, म्हणून त्या दिवशी विमुक्त दिन पाळतात. पण त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, आणि पारधी वस्तीवर चोरीच्या दुसऱ्या दिवशी गाडी येते ती आजही येते, त्याला कुठला कायदा लागत नाही, सवय पुरते.

आता आकडे. सरकारचेच आहेत. 2022 च्या अखेरीस देशातल्या जेलमध्ये 5,73,220 माणसं होती, त्यातली 4,34,302 कच्चे कैदी, म्हणजे चारातले तीन अजून दोषी ठरलेलेच नाहीत. जागेच्या मानाने भरणा 131 टक्के. कैद्यांमधले साधारण दोन तृतीयांश दलित, आदिवासी आणि ओबीसी. "मग ते गुन्हे जास्त करतात" असं तुझ्या वर्गात कोणीतरी म्हणेलच, त्याला विचार की दोषी ठरण्याआधी तुला कसं कळलं.

पण मला आकड्यांपेक्षा एक केस सांगावीशी वाटते, महाराष्ट्रातलीच. 2003 मध्ये नाशिक जिल्ह्यात एका कुटुंबावर भयंकर हल्ला झाला, खून, बलात्कार, दरोडा. भटक्या जमातीतले सहा गरीब मजूर पकडले. सेशन्स कोर्टाने सहाही जणांना फाशी दिली. हायकोर्टाने तिघांची कायम केली, तिघांची जन्मठेपेवर आणली. 2009 मध्ये सुप्रीम कोर्टाने ती सवलतही काढून घेतली, सहाही जणांना फाशी. आणि मग 5 मार्च 2019 ला त्याच सुप्रीम कोर्टाने, जुना निकाल परत उघडून, सहाही जणांना निर्दोष सोडलं. वाचलेल्या साक्षीदाराने सुरुवातीला पोलिसांच्या अल्बममधून वेगळ्याच चार माणसांना ओळखलं होतं आणि ते कोर्टापुढे नीट आलंच नव्हतं. सहातला एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. कोर्टाने प्रत्येकी पाच लाख भरपाई द्यायला सांगितली. सोळा वर्षांची.

यात एकाही पायरीवर कायद्याच्या पुस्तकात जात लिहिलेली नव्हती. खालपासून वरपर्यंत सगळ्या कोर्टांनी "दुर्मिळातली दुर्मिळ" ही बच्चन सिंग निकालाची 1980 ची फाशीसाठीची कसोटी लावली, तीच सगळ्यांना लावतात ती. पण पहिल्या दिवशी पोलिसांनी कोणाच्या झोपडीकडे जायचं हे ठरवताना पुस्तक उघडलेलं नव्हतं. आणि पुढे प्रत्येक टप्प्यावर त्यांच्या बाजूने "हे बघा, इथे गडबड आहे" असं ओरडणारा तालेवार वकील नव्हता. 2022 च्या मनोज निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की फाशीआधी त्या माणसाचं बालपण, घर, मनाची अवस्था, जेलमधली वागणूक याची माहिती मागवून घ्याच. आता हे वाचून कोणी म्हणेल खुन्याचं बालपण कशाला बघायचं. अरे, श्रीमंत आरोपीचा वकील पहिल्या तारखेलाच सांगतो ना की माझा अशील चांगल्या घरातला आहे, शिकलेला आहे, करिअर बरबाद होईल. ते बालपणच आहे. कोर्ट ते ऐकतं. दुसऱ्याचंही ऐकावं एवढंच त्या निकालात आहे.

तर वाद राजकीय आहे का? असू दे की. पण पहिल्या वर्षी घटनेचं कलम 39-क शिकवलं असेल, पैशाअभावी कोणाला न्याय नाकारला जाऊ नये म्हणणारं. तेही मग राजकीयच म्हणावं लागेल.

प्रश्न: दंड भरला नाही तर जास्तीची कैद, हा नियम गरिबांवर अन्याय नाही का? याला पर्याय काय?

उत्तर: आहे. पाच हजार दंड, न भरल्यास दोन महिने साधी कैद, असं निकालपत्रात शेवटच्या ओळीत असतं आणि मुख्य शिक्षा भोगून झाल्यावर ती ओळ माणसाला धरून ठेवते. वर सांगितलेल्या योजनेत शिक्षा झालेल्या कैद्याच्या दंडासाठी 25 हजारापर्यंत मदत आहे, ती मागा. बाकी पर्याय म्हणाल तर फिनलंडने 1921 पासून दंड रुपयात, म्हणजे त्यांच्या चलनात, ठरवायचा सोडून दिवसांच्या कमाईत ठरवायला सुरुवात केली. गुन्ह्याला अमुक दिवसांचा दंड, आणि तुमच्या एका दिवसाची किंमत तुमच्या उत्पन्नावरून. 2002 मध्ये तिथल्या एका बड्या मोबाईल कंपनीच्या अधिकाऱ्याला नुसत्या स्पीडिंगसाठी सुमारे 1 लाख 16 हजार युरोचा दंड झाला होता, नंतर अपिलात कमी झाला ते सोडा. आपल्याकडे उत्पन्नाचा खरा आकडा कोण सांगणार हा प्रश्न आहेच, पण ज्याची कमाई दिसतेच आहे त्याच्यापुरतं तरी करायला काय हरकत आहे. नवीन न्याय संहितेत समाजसेवेची शिक्षा आलीये, पाच हजाराच्या आतली चोरी, पहिल्यांदाच दोषी आणि वस्तू परत केली तर. थोड्याच गुन्ह्यांना आहे, पण चांगलंय.

प्रश्न: माझं छोटं वर्कशॉप आहे. एक मुलगा कामाला विचारतोय, हात चांगला आहे, पण मारामारीच्या केसमध्ये आत जाऊन आलाय असं त्यानेच सांगितलं. घरचे नको म्हणतात. काय करू?

उत्तर: त्यानेच सांगितलं, यात निम्मं उत्तर आलं. लपवणारे लपवतात.

आधी नीट विचारा की नक्की काय झालंय. केस चालू आहे, निर्दोष सुटलाय, का शिक्षा झालीये? तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक तिन्हीला "जेलमधून आलेला" म्हणतात. प्रोबेशनवर (म्हणजे शिक्षा न भोगवता चांगल्या वागणुकीच्या हमीवर) सोडलं असेल तर त्यासाठीच्या 1958 च्या कायद्याचं कलम 12 दाखवा घरच्यांना, शिक्षेमुळे येणारी अपात्रता अशा माणसाला चिकटत नाही, सरकारी नोकरीच्या बाबतीत कोर्टं त्याचा अर्थ थोडा तोलून लावतात पण तुमच्या वर्कशॉपला काय. केस चालू असेल तर महिन्याला एखादी तारीख असेल, त्या दिवशी सुट्टी द्यावी लागेल, ते आधीच बोलून घ्या, नाहीतर तारीख चुकते, वॉरंट निघतं आणि पोरगं परत आत, तुमचं कामही अडतं. बहुतेकांची दुसरी वारी अशीच होते.

पगार बँकेत द्या, कामाचं पत्र द्या. ते पत्र त्याला कोर्टातही उपयोगी पडतं, अमुक ठिकाणी कामाला आहे, पळून जाणारा नाही, असं वकिलाला दाखवता येतं. पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करून घेणार असाल तर सगळ्या कामगारांची करा, एकट्याची नको.

भीती वाटणं स्वाभाविक आहे, मी ती खोटी म्हणणार नाही. पण सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर म्हणून खुली वसाहत आहे, औंध संस्थानच्या काळातली, तिथे खुनाच्या शिक्षेतले कैदी बायकापोरांसोबत राहून शेती करत आलेत, भिंत नाही, बेड्या नाहीत. जमल्यास एकदा त्याबद्दल वाचा आणि घरच्यांनाही वाचायला द्या. आणि सुरुवातीचे तीन महिने ट्रायल ठेवा, पण ती कामाची ट्रायल असू दे, प्रत्येक हरवलेल्या पान्यासाठी पहिलं त्याच्याकडे बघायची नको. पान्याची नोंदवही ठेवा, सगळ्यांच्या सह्यांची. ती तशीही ठेवायला हवीच होती.